घरच्यांसाठी प्रार्थना: बारा वर्षांनंतरही चालू कशी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा. नवरा हिंदू कुटुंबातला, बायको ख्रिस्ती. ती बारा वर्षं रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. मुलगा संडे स्कूलमध्ये वाढला, आता पुण्यात नोकरी करतो आणि ‘देव वगैरे मी मानत नाही’ म्हणतो. प्रार्थना गटातल्या काही जणी म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडतोय, उपास वाढवा. विचारणाऱ्या ताई थकल्या आहेत. त्यांनी विचारलंय: माझंच काही चुकतंय का, रोज नेमकं मागायचं काय, आणि मी प्रार्थना करते हे मुलाला सांगू का?

ताई, पहिल्या प्रश्नासाठी बायबलमधलं योहान ७:५ उघडा. येशूच्या सख्ख्या घरातल्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. एका छताखाली वाढले, एका ताटात जेवले, तरी नव्हता. नासरेथच्या त्या घरात साक्ष कमी पडली असं म्हणायची कोणाची छाती आहे? पुढे प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये तेच भाऊ माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला बसलेले दिसतात. म्हणजे घरातला माणूस विश्वास ठेवत नाही यावरून तुमच्या विश्वासाचं माप काढणं शास्त्राला धरून नाही. गटातल्या बायकांशी वाद घालू नका, हे वचन तेवढं दाखवा.

थकवा मात्र खरा आहे, आणि त्याचं कारण बहुतेकदा विश्वासात नसून पद्धतीत असतं. वर्षानुवर्षं एकच वाक्य चालू असतं, ‘प्रभू, यांचं तारण कर’, आणि संध्याकाळी नवरा घरात आला की त्याच्या तोंडाकडे बघून काही फरक पडला का याची तपासणी. वाक्य गुळगुळीत होतं आणि तपासणीत रोज नापास. या दोन्ही गोष्टी बदलता येतात.

आधी वेळ. रोज पंधरा मिनिटं पुरेत. उत्साहात तासभर ठरवलं की आठवड्याभरात मोडतं आणि मग अपराधी वाटून पाच मिनिटंही होत नाहीत. जागा आणि वेळ ठरलेली असावी. घरातले उठण्याआधी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलात तरी चालतं. पहिली दोन-तीन मिनिटं शास्त्रातला छोटा उतारा. मग तितकाच वेळ त्या माणसाबद्दल आभार, आणि ते नेमके हवेत. ‘चांगला नवरा दिलास’ असं मोघम नको. ‘काल रात्री अकरा वाजता यांनी आईंना दवाखान्यात नेलं, कुरकुर केली नाही’ असं. हा भाग गाळला की काय होतं ते सांगतो: बारा वर्षं एखाद्याचं उणं तेवढंच देवापुढे मांडत राहिलं की आपल्यालाही त्याचं उणंच दिसायला लागतं, आणि जेवताना त्याला ती नजर कळते. माणसाला आपल्यासाठी कोणी प्रार्थना करतंय याचा राग सहसा येत नाही. आपण कोणाच्या तरी यादीतलं अपुरं काम आहोत याचा येतो.

उरलेला वेळ मागण्यासाठी, पण एका दिवशी एकच मागणं. वार लावून घ्या, म्हणजे रोज नव्याने सुचायची गरज राहत नाही. सोमवारी डोळे उघडण्यासाठी मागा. इफिसकरांस १:१८ आणि २ करिंथ ४:४ ते ६ समोर ठेवा. मंगळवारी त्या माणसाच्या खास अडसरासाठी. बुधवारी तिसऱ्या माणसासाठी, म्हणजे मत्तय ९:३८ प्रमाणे देवाने आपला एखादा कामकरी त्याच्याकडे पाठवावा यासाठी. गुरुवारी त्याच्या साध्या गरजांसाठी: रक्तदाब, बदली, साहेबाची कटकट, गुडघे. शुक्रवारी स्वतःच्या जिभेसाठी, कलस्सैकरांस ४:५-६. शनिवारी तुमच्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चमधल्या लोकांसाठी, कारण उद्या हा माणूस खरंच उपासनेला आला तर त्याला तिथे काय दिसणार आहे? रविवारी काही मागू नका, फक्त आभार.

वचन धरून प्रार्थना करायची म्हणजे वचन पाठ म्हणायचं नाही, त्यातलं क्रियापद उचलायचं. प्रेषितांची कृत्ये १६:१४ मध्ये पौलाचं बोलणं ऐकणाऱ्या लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण प्रभूने उघडलं. त्यावरून: ‘प्रभू, लुदियेचं अंतःकरण तू उघडलंस, पौलाने नाही. माझ्या मुलाचंही तूच उघड. त्याला जे प्रामाणिकपणे खरं वाटतं त्याचा पाठपुरावा करायचं धैर्य त्याला दे, आणि त्या वाटेवर त्याला भेट.’ एवढी तीन वाक्यं बस झाली. यहेज्केल ३६:२६ वर अशीच करता येते, दगडी हृदय काढून मांसमय हृदय देण्याची. फक्त हे वचन आधी आठवडाभर स्वतःसाठी वापरा, मग दुसऱ्यासाठी.

मंगळवारचा अडसर जरा सविस्तर बघू, कारण बहुतेक जण इथेच उडवाउडवी करतात. ‘त्यांचं मन कठीण आहे’ हे निदान नव्हे. आपल्याकडे नवऱ्याच्या मनात पुष्कळदा शिकवणीबद्दलचा प्रश्न नसतोच. प्रश्न असतो: भावकी काय म्हणेल, आईचं श्राद्ध कोण करणार, मला अग्नी कोण देणार, धाकट्या बहिणीच्या मुलींची लग्नं कशी जमणार. ही भीती खोटी नाही आणि ती एकट्याची नाही. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर त्या भीतीचं वजन ओळखून करावी लागते. दुसऱ्या कोणाला चर्चमध्येच लागलेलं असतं. पैशाच्या हिशोबावरून झालेली भांडणं, मंडळीतल्या निवडणुका, आणि आपल्याकडची जुनी लाज, म्हणजे बाप्तिस्मा होऊनही न गेलेली जात. मंडळीत कोणी जातीवरून बोललं म्हणून एखादा माणूस यायचा थांबला असेल तर त्याच्यासाठी नुसती प्रार्थना अपुरी आहे. कोणीतरी जाऊन माफी मागायला हवी, आणि प्रार्थना त्या माफी मागणाऱ्यासाठी करायला हवी. मुलाच्या बाबतीत खरंच विचारांचे प्रश्न असतील, किंवा एखादं अकाली मरण पाहिलेलं असेल, किंवा रविवारी सकाळी झोप हवी असेल. शेवटचं कारण कमी समजू नका, ते फार जणांचं असतं.

अडसर कळणार कसा? एकदाच विचारा: ‘तुला चर्चचं नेमकं काय खटकलं?’ आणि अर्धा तास गप्प ऐका. त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी व्हिडिओची लिंकही पाठवायची नाही. जे कळलं ते वहीत लिहा.

वहीचंही सांगतो. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजवं पान कोरं. उजव्या पानाकडे तीन महिन्यांतून एकदाच पाहायचं, समजा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरचा पहिला रविवार. तेव्हा जे घडलं असेल ते लिहा, लहान असलं तरी. ‘यांनी नाताळाचा तारा स्वतः टांगला.’ त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका, नोंद करा. रोजची तपासणी बंद करायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आता ‘चिकाटी’बद्दल, कारण तिथे शिकवणच चुकीची दिली जाते. लूक १८ मधली विधवा आणि अन्यायी न्यायाधीश. तिने पिच्छा पुरवला म्हणून त्याने न्याय दिला, म्हणून आपणही देवाचा पिच्छा पुरवायचा, असं सर्रास सांगतात. दाखला उलटा आहे. देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हाच त्यातला मुद्दा. ज्याला ना देवाची भीती ना माणसाची पर्वा, असा माणूसही शेवटी ऐकतो, तर तुमचा पिता का ऐकणार नाही? पहिल्याच ओवीत उद्देश दिलाय: खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी. म्हणजे चिकाटी देवाचं मन वळवायला नसून आपण खचू नये म्हणून आहे. हे डोक्यात बसलं की उपास वाढवा, रात्र जागवा, अजून दहा जणींना बसवा, हा दबाव आपोआप उतरतो.

दुसरं वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं: प्रेषितांची कृत्ये १६:३१, विश्वास ठेव म्हणजे तुझं व तुझ्या घराण्याचं तारण होईल. याला विम्याची पावती समजू नका. पुढचीच ओवी वाचा. पौल आणि सीला यांनी त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं, आणि ३४ व्या ओवीत सगळ्या घराने विश्वास ठेवला. प्रत्येकाने स्वतः. ज्या स्त्रियांचे नवरे विश्वासात नव्हते त्यांना पौलाने १ करिंथ ७:१६ मध्ये हमी दिलेली नाही. तू नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक, असंच विचारलंय. कोरडं वाटेल, पण बारा वर्षं ओझं वाहणाऱ्या बाईला त्यात सुटका आहे. निकाल तुमच्या हातात दिलेलाच नाही.

मोनिका आणि तिचा मुलगा संत ऑगस्टीन यांचं उदाहरण प्रत्येक माता-संघात येतं, पण अर्धंच. ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावचा, जन्म ३५४. तरुणपणी मानी नावाच्या गुरूच्या, चर्चबाहेरच्या पंथात गेला. मोनिका एका बिशपकडे गेली की तुम्ही याच्याशी बोला, याच्या चुका दाखवा. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला होता, आणि त्याने नकार दिला. हा अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला असू दे, फक्त प्रभूपाशी त्याच्यासाठी विनंती करत राहा, तो वाचता वाचता स्वतःच कळून घेईल. ती रडून हटून बसली तेव्हा त्याने वैतागून ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं, की इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. वाक्य सगळ्यांना पाठ आहे, आधीचा सल्ला कोणी सांगत नाही.

पुढचा भाग तर त्याहून उपयोगाचा. ३८३ साली ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. तो जाऊ नये म्हणून मोनिका किनाऱ्याजवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात रात्रभर विनवत होती, आणि तो तिला फसवून त्याच रात्री जहाजात बसला. म्हणजे त्या रात्रीची प्रार्थना सरळ फेटाळली गेली. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे त्याला बिशप अंब्रोज भेटला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याच्याच हस्ते बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने स्वतः नंतर लिहिलं की देवाने तिने त्या रात्री मागितलेलं दिलं नाही, ती नेहमी मागत होती ते देण्यासाठी. अंब्रोज आधी आवडला तो गुरू म्हणून नव्हे, आपल्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून, हेही त्यानेच लिहिलंय. बुधवारची ‘तिसऱ्या माणसाची’ प्रार्थना का ठेवायची याचं हे कारण. आईचं म्हणणं मुलाला आईचंच वाटतं. तेच ऑफिसातल्या एखाद्या सरळ माणसाकडून कळलं तर वेगळं ऐकू येतं. आणि म्हणूनच मुलगा दूर जायला निघाला, परदेशी चालला, तर त्याला अडवण्यात प्रार्थना खर्चू नका.

आपल्याकडचं उदाहरण टिळकांचं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं लगेच सुटलं नाही. बदल झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जॉर्ज म्युलर या ब्रिस्टलच्या प्रार्थनावीराने नोव्हेंबर १८४४ मध्ये पाच जणांसाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला अठरा महिन्यांनी विश्वासात आला, दुसरा आणखी पाच वर्षांनी, तिसरा त्यानंतर सहा वर्षांनी. छत्तीस वर्षं झाली तेव्हा उरलेले दोघे अजून बाहेरच होते, आणि तो ते व्यासपीठावरून सांगत होता, न लाजता. हे आकडे स्वतःशी ताडून पाहायला सांगत नाहीये. बारा वर्षं म्हणजे उशीर झाला असं मात्र नाही.

आता चुका, ज्या जवळजवळ प्रत्येक घरात होतात. सगळ्यात मोठी म्हणजे प्रार्थनेच्या आडून भाषण. जेवणापूर्वीची प्रार्थना चालू आहे, वरण-भातावर तूप वितळतंय, नवऱ्याचा हात ताटाशी थांबलेला, आणि बायको डोळे मिटून म्हणते, ‘प्रभू, या घरात ज्यांची मनं अजून अंधारात आहेत...’ घरात तीनच माणसं. कोणाबद्दल चाललंय ते सासूबाईंनाही कळतं. जेवणाची प्रार्थना वीस सेकंदांची ठेवा, अन्नासाठी, आणि ज्याच्या कमाईतून ते आलं त्याच्यासाठी आभार माना. पेत्राने १ पेत्र ३:१ मध्ये विश्वासात नसलेल्या नवऱ्यांबद्दल जे सांगितलं ते न बोलता वागण्यातून जिंकण्याचं आहे.

दुसरी, पाळकांना ‘सहज’ जेवायला बोलावणं. मटण झालं, सुपारी झाली, आणि पाळकसाहेब पिशवीतून शास्त्र काढतात. नवरा आपल्याच घरात कोंडला जातो. पाळक घरी येणार असतील तर कशासाठी ते आधी नवऱ्याला सांगा, आणि तो नको म्हणाला तर नको. नाताळ-ईस्टरचं आमंत्रण वर्षातून एकदा, नाही म्हणायची मोकळीक ठेवून. तो आलाच तर परतताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका. वाटेत भाजी घ्यायचीय का ते विचारा.

तिसरी: प्रार्थना केलेलं तेल उशीला लावणं, पाणी चहात घालणं, डब्यात धर्मप्रचाराचं पत्रक सरकवणं. हे तोडगे आहेत, प्रार्थना नव्हे, आणि उघडकीला आले की वर्षांचा विश्वास एका दिवसात जातो. माणसाच्या नकळत त्याच्यावर काही करणं म्हणजे त्याची इच्छा बाजूला सारणं, आणि विश्वास इच्छेशिवाय असतच नाही. आमिष, धाक, अबोला हे सगळं याच खात्यात. ‘प्रभू, याला एखादी ठोकर दे म्हणजे वळेल’ ही प्रार्थनाही नको. तो उद्या खरंच आजारी पडला तर तुम्हाला स्वतःला क्षमा करता येणार नाही.

चौथी, व्हॉट्सॲप. ‘प्रार्थनेचे विषय’ या नावाखाली घरातलं सगळं गटात जातं: नवऱ्याचं पिणं, मुलाची मैत्रीण. स्क्रीनशॉट फिरतो आणि चुलत नणंदेमार्फत घरी परत येतो. गटात ‘घरातल्या एका व्यक्तीसाठी’ एवढंच लिहा. तपशील सांगायचा तर दोनच जणींना, समोरासमोर, आणि त्या तोंडाच्या घट्ट आहेत याची खात्री करून.

उपास करायचा तर मत्तय ६:१६ ते १८ प्रमाणे, घरात कोणाला कळू न देता. शुक्रवारचं दुपारचं एक जेवण सोडणं पुष्कळ झालं, पाणी पीत राहा. मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर अन्नाचा उपास करू नका. त्याऐवजी मालिका सोडा, फोन बाजूला ठेवा. आईने जेवण सोडलंय हे मुलाला कळलं की तो उपास राहत नाही, उपोषण होतं, आणि त्याच्याविरुद्ध होतं.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. नवरा हात उगारत असेल तर ‘सहन करा आणि प्रार्थना करा’ हा सल्ला मानू नका, तो पाळकांनी दिला तरी. मोनिकेने आपल्या रागीट नवऱ्यापुढे गप्प राहायचं धोरण ठेवलं आणि मार खाल्लेल्या शेजारणींनाही तेच सांगितलं, असं ऑगस्टीनने कौतुकाने लिहिलंय. त्या बाबतीत तिचा कित्ता गिरवायचा नाही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सुरक्षित जागी जाऊनही त्या माणसासाठी प्रार्थना करता येते, आणि ती जास्त मोकळी होते.

कोरडे दिवस येतात, महिनेही जातात. तेव्हा स्वतःचे शब्द जुळवायचा खटाटोप सोडा. स्तोत्र १३ वाचा. ‘कोठवर’ हा प्रश्न तिथे दोनच ओव्यांत चारदा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही, आणि तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवलंय. तेही जमलं नाही तर प्रभूची प्रार्थना, आणि ‘तुझं राज्य येवो’ इथे नवऱ्याचं नाव मनात धरा. तेवढंही होईना तर एखाद्या मैत्रिणीला सांगा, ‘पुढचा आठवडा तू कर, मी थांबते.’ हा पराभव नव्हे. पक्षाघाती माणसाला येशूकडे चौघांनी उचलून आणलं होतं, एकट्याने नाही.

शेवटी मुलाचं. त्याला सांगावं का? एकदा सांगा, धार्मिक भाषा न वापरता, आणि त्याच्या खऱ्या गरजेला धरून. ‘तू भटकलायस म्हणून मी रोज रडते’ हे सांगणं नव्हे, वसुली आहे. त्याची मुलाखत असेल, खोकला बरा होत नसेल, घरमालकाशी वाजलं असेल, तेव्हा एवढाच मेसेज: ‘उद्याच्या मुलाखतीसाठी सकाळी प्रार्थना करते. झाली की कळव, कशी गेली ते.’ वचन जोडू नका, हात जोडलेली इमोजी नको, फॉरवर्ड तर नकोच. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला तर मुलाखतीबद्दल बोला. नाही केला, तर दोन दिवसांनी तुम्ही करा आणि जेवतो-बिवतो का ते विचारा.